काळीला अनुदान, पांढरीला काय?

दोन वर्षं झाली असतील. रविवारी रात्री जेवायला बसलो होतो आणि मामाच्या पोरीचा अमेरिकेतल्या ऑस्टिनहून व्हिडिओ कॉल आला, तिकडं सकाळ. ती अंगणात उभी, मागं तिचा नवरा फावड्यानं पोत्यातलं काहीतरी काळं काळं पसरायलाय. म्हणलं काय चाललंय, बांधकाम काढलंत का. तर म्हणे, "नाही रे दादा, कंपोस्ट टाकायलोत. आणि ऐक ना, पावत्या जपून ठेवल्यात, इथलं पाणीपुरवठ्याचं खातं ह्याचे काही पैसे परत देतं."

मला वाटलं नेटवर्कमुळं काहीतरी चुकीचं ऐकू आलं. पाणी खातं खताचे पैसे कशाला देईल? अण्णा शेजारीच भाकरी चुरत बसले होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग आपण जन्मभर उकिरडा वाहिला, त्याचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं?"

त्या दिवशी सगळे हसलो. पण ते डोक्यात अडकून राहिलं, कारण मी राहतो लातूरला आणि लातूरच्या माणसासमोर पाणी वाचवायचं असं कुणी नुसतं म्हणलं तरी त्याला 2016 आठवतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, आणि त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. मांजरा धरण कोरडं. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी घासलेलं पाणी कढीपत्त्याला आणि अंघोळीचं पाणी संडासला, असा हिशोब करत होतो. आणि इथं पोरगी सांगते की पाणी वाचावं म्हणून अंगणात खत टाकायचं.

मग मी जरा शोधाशोध केली. ऑस्टिनची स्कीम अशी की घराच्या अंगणात कंपोस्ट घातलं, मल्च म्हणजे आपलं आच्छादन पसरलं, किंवा दबून घट्ट झालेल्या जमिनीत यंत्रानं भोकं पाडून घेतली तर पावत्या जोडून अर्ज करायचा आणि खर्चातला काही भाग परत मिळतो. हेच शहर 1989 पासून सांडपाण्याच्या गाळात झाडपाल्याचा कचरा मिसळून स्वतःचं कंपोस्ट करायला लागलं, त्याचं नाव डिलो डर्ट, तिकडच्या आर्माडिलो नावाच्या प्राण्यावरून ठेवलेलं. लास वेगासकडं तर 1999 पासून हिरवळ उपटून टाकायचे पैसे देतात, स्क्वेअर फुटाच्या भावानं. आणि डेन्व्हरवाले ह्याच्याही पुढं, तिथं नवीन नळ कनेक्शन पाहिजे तर हजार स्क्वेअर फूट बागेला 4 घनयार्ड कंपोस्ट सहा इंच खोल मिसळलेलं पाहिजे, असा नियमच. मी घनयार्डाचा हिशोब करून बघितला तर 108 घनफूट आलं, म्हणजे आपल्या भाषेत एक ब्रास, शंभर घनफूट, आणि वर थोडं. हजार फुटाला एक ब्रास खत. नाहीतर नळ नाही.

हे लोक एवढे उदार का, तर उदार वगैरे काही नाही, त्यांचा धंद्याचा हिशोब आहे. अमेरिकेतल्या घरात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातलं सरासरी 30 टक्के पाणी घराबाहेर, मुख्यतः बागेत जातं, कोरड्या भागात त्याच्याही वर. उन्हाळ्यात सगळेजण एकदम पाईप सोडतात, त्या एका-दोन महिन्यांसाठी खात्याला मोठ्या मोटारी, मोठे पाईप, नवीन धरण लागतं. त्यापेक्षा लोकांना खताचे चार पैसे दिलेले परवडतात.

ह्याच्यात मला सगळ्यात गंमत वाटली ती मातीची. ऑस्टिन ज्या टेक्सास राज्यात आहे तिथल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या एका मातीचं नाव ह्यूस्टन ब्लॅक, तीच त्यांची राज्याची माती म्हणून मानलेली. आणि ती आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच गोत्रातली! ओली झाली की फुगणार, वाळली की आकसून भेगा पडणार, आणि घराचा पाया हलवणार. पोरीनं सांगितलं की ऑस्टिनच्या पूर्वेकडं सगळी हीच माती, उन्हाळ्यात भिंतींना तडे जातात म्हणून लोक पायाच्या कडेनं पाण्याचा पाईप सोडून ठेवतात. म्हणलं बाई, तू एवढा खर्च करून नऊ हजार मैल गेलीस आणि परत आमच्या शिवारातच येऊन पडलीस.

आता आमच्या घराचं सांगतो. तीस बाय चाळीसचा प्लॉट, 1200 स्क्वेअर फूट, मूळचं कुणाचंतरी वावर एनए झालेलं. भारी काळी जमीन, चार-पाच फूट खोल. अण्णांनी प्लॉट बघितला तेव्हा मूठभर माती उचलून चुरगाळून म्हणले, "एवढी गोड जमीन आणि हिच्यावर घरं बांधायलेत हे लोक." पण काळ्यात पाया टिकत नाही, त्यामुळं कॉन्ट्रॅक्टरनं जेसीबी लावून काळी उकरून काढली, टिप्परनं कुठंतरी नेऊन टाकली, आणि प्लिंथच्या आत-बाहेर मुरूम भरून रोलर फिरवला. ते बरोबरच आहे, घराखाली मुरूमच पाहिजे. पण समोरच्या चारशे फुटाच्या अंगणातसुद्धा मुरूमच, त्यात सिमेंटची खरपड, विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, वर चार बोटं माती भुरभुरवून "घ्या साहेब, इथं बाग करा". मागं परसात तेवढी एक पट्टी मूळची काळी राहिली, कारण तिथपर्यंत जेसीबी पोचला नाही. म्हणजे एकाच घरात पुढं एक आजार, मागं दुसरा.

पुढच्या अंगणात पाऊस पडला की पाणी थांबायचंच नाही, फाटकाखालून सरळ रस्त्यावर. मी एकदा हिशोब घातला, चारशे फुटावर एक इंच पाऊस म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी. छतावरची सिंटेक्सची टाकी हजार लिटरची. म्हणजे दर इंचाला जवळपास एक टाकी गटारात ओतायची आणि मे महिन्यात त्याच अंगणातल्या मोगऱ्याला टँकरचं पाणी घालायचं. आणि हेच अंगण जर फूटभर चांगल्या मातीचं असतं तर झाडाला ओढून घेता येईल असं दीडेक हजार लिटर पाणी एकटी माती धरून ठेवते. झाकण नाही, कॉक नाही, शेवाळं नाही. टाकीपेक्षा मोठी टाकी पायाखाली, आणि आपण ती काढून टिप्परमध्ये भरून दिली.

तर सुरुवात केली. पहिल्यांदा एक फूट खोल खड्डा घेऊन पाणी भरून बघितलं, मागं आणि पुढं. मागच्या काळीत पहिल्या खड्ड्याचं पाणी भेगांतून बदकन गेलं, म्हणलं वा, मग परत भरला तर जे थांबलं ते सकाळपर्यंत थांबलं, वरती डास फिरायलेत. काळीचा स्वभावच तो, कोरडी असताना भेगांतून अधाशासारखं पिते, एकदा फुगली की दार लावून घेते. पुढच्या मुरमात तर रोलरनं असं दाबून ठेवलेलं की टिकाव मारला की ठिणगी.

मग बाटलीचा प्रयोग केला, लेकरांना फार आवडला. काचेच्या बरणीत माती, वर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. रेती मिनिटाभरात खाली बसते, पोयटा काही तासात, आणि चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो. मागच्या मातीच्या बरणीत दुसऱ्या दिवशीसुद्धा चहासारखं गढूळ पाणी. आमच्या हिनं ती बरणी लोणच्याची असल्याचं तेव्हा ओळखलं. पुढचं सांगत नाही.

माती तपासायलाही नेली. फॉर्मवर गट नंबर विचारला, म्हणलं प्लॉट आहे. पीक कोणतं? म्हणलं मोगरा, कढीपत्ता, जास्वंद. तो पोरगा माझ्याकडं बघत राहिला आणि शेवटी त्यानं पिकाच्या रकान्यात "इतर" लिहिलं. रिपोर्टात सामू म्हणजे पीएच आठच्या वर, सेंद्रिय कर्ब कमी, चुनखडी भरपूर. आता चुनखडी मूळची किती आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सिमेंटची किती ते देवालाच माहीत, पण मोगऱ्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या का दिसायच्या ते कळलं, सामू चढला की झाडाला लोह उचलता येत नाही. दुकानदार हिराकस देतो, चार दिवस हिरवं दिसतं, परत तेच.

चुका भरपूर केल्या, त्या सांगतो, कारण बाकी लोक नुसते हिरवे फोटो टाकतात. पहिली चूक वाळू. माळी म्हणला काळीत वाळू मिसळा, मोकळी होते. मागच्या एका वाफ्यात चार घमेली रेती मिसळली आणि पाणी देऊन सोडलं, आठ दिवसांनी खुरपं मारलं तर खुरपंच वाकलं. चिकणमाती आणि थोडीशी वाळू म्हणजे वीटच की हो, आपले कुंभार अजून काय करतात! खरंच मोकळी करायची तर निम्म्याच्या वर वाळू पाहिजे, म्हणजे जमीनच बदलायची. दुसरी चूक माझी एकट्याची, शेणखत घाईनं आणलं, न कुजलेलं. अण्णा वास घेऊन म्हणले कच्चं आहे, मी म्हणलं कुजेल आत. पावसाळ्यात जास्वंदीची दोन झाडं हातानं ओढली तशी वर आली, मुळं साफ, आणि आळ्यात पांढऱ्या सी आकाराच्या हुमण्या निवांत झोपलेल्या. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं जास्त लागतं.

मग त्यांच्याच पद्धतीनं केलं. पुढचा मुरूम टिकावानं फूटभर फोडला, खरपड वेचून काढली, तीन संध्याकाळी आणि एक रविवार गेला, हाताला फोड आले ते वेगळे. गावाकडून छोट्या हत्तीत काळी माती आणि चांगलं कुजलेलं, हातात घेतलं की चहापत्तीसारखं सुटणारं शेणखत. डेन्व्हरच्या मापानं चारशे फुटाला अर्ध्या ब्रासपेक्षा कमीच लागतं, तेवढं वरच्या सहा इंचात मिसळलं. मागच्या काळीला माती नको होती, नुसतं खत आणि वर आच्छादन. आच्छादनाला लातुरात काय तोटा आहे, सोयाबीनची गुळी, तुरीचं भुस्कट, उसाचं पाचट, जे म्हणाल ते. एकच सांगतो, गुळी मातीत गाडू नका, वरच पसरा. आत गेली की ती कुजवणारे जीव जमिनीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि झाडं उपाशी.

आणि काळीत कधीही वाफशावरच हात घालायचा. ओल्यात पाय दिला तर चिखल तुडवून दार अजून पक्कं बंद, वाळल्यावर घातला तर ढेकळं. ते मधले दोन-तीन दिवस पकडायचे. मला पुस्तक वाचून कळलं नसतं, अण्णा सकाळी चप्पल काढून परसात एक चक्कर मारतात आणि म्हणतात "आज घाल".

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो की सेंद्रिय कर्ब एक टक्का वाढवला की एकरी लाखो लिटर पाणी जास्त साठतं. तसं काही नसतं, निदान आपल्या भारी काळीत तरी नाही. काळी मुळातच पाणी भरपूर धरते, खतानं त्यात थोडीच भर पडते. खरा फायदा आत जाण्याचा. खतानं मातीचे कण एकमेकाला धरून रवा तयार होतो, रव्याच्या मधून पाणी उतरतं, आणि वरचं आच्छादन उन्हाला अडवतं. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र धरायची ताकदसुद्धा चांगलीच वाढते. माझ्या घरी आधी दिवसाआड आठ बादल्या लागायच्या, ह्या उन्हाळ्यात चार दिवसांनी सहा लागल्या. आता ह्यात खताचं किती, गुळीचं किती आणि मी लॉनचा नाद सोडला त्याचं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

आता सूट. आपल्या सरकारला मातीचं कळत नाही असं अजिबात नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना बघा, तलावातला गाळ काढून वावरात टाकायला लहान शेतकऱ्याला एकरी 15,000 रुपये, अडीच एकराच्या मर्यादेत म्हणजे जास्तीत जास्त 37,500. हे मातीसाठीचंच अनुदान की. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले, गटारं बंद, डास गेले, आणि तो नांदेड पॅटर्न म्हणून रोजगार हमीतून गावोगावी गेला. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत, पाऊसपाणी ह्यातलं एक केलं तर मालमत्ता करात 5 टक्के आणि दोन केली तर 10 टक्के सूट देते. नवीन बांधकामाच्या नियमात पाऊसपाणी सक्तीचं आहे, पण ते 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला. माझा 111. म्हणजे माझ्यासारखे कॉलनीतले सगळे तीस-चाळीसवाले त्याच्या बाहेर.

आपल्याकडं जुनी वाटणी आहे, गावाची वस्ती ती पांढरी आणि वावर ती काळी. योजना सगळ्या काळीला. पांढरीत टाकीला, पाईपला, पत्र्याला पैसे मिळतात, मातीला नाही. आणि आता तर अर्धी काळीच पांढरी व्हायलीये, रिंग रोडच्या बाहेर जाऊन बघा.

तर मार्चएंडला कर भरायला गेलो होतो, रांग मोठी, माझा नंबर आला तेव्हा पावती फाडता फाडता मी खिडकीतून विचारलं, "साहेब, सोलरला सूट असते तशी मातीला काही सूट आहे का?"

आतून आवाज, "कुणाची माती?"

माझ्या लक्षातच आलं नाही. मी म्हणलं, "माझ्याच घरची."

त्यांचा चेहरा पडला, पेन खाली ठेवलं, एकदम हळू आवाजात, "कधी झालं काका?" मागच्या रांगेतले दोघं टोपी काढायच्या बेतात. मग मी अंगणातली माती, खत, मुरूम सगळं सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की शेजारच्या खिडकीतल्या मॅडम उठून आल्या. पण माणूस चांगला. म्हणले अशी काही सूट नाही, पण अर्ज लिहून द्या, आवकला नंबर पडू द्या, कुणीतरी वाचेल.

घरी येऊन अर्ज लिहायला बसलो तेव्हा कळलं की अमेरिकेचं जसंच्या तसं उचलून चालणार नाही. आमच्या घराला मीटरच नाही, पाणीपट्टी वर्षाची ठोक, मग वाचलेलं पाणी दाखवायचं कशावर? आणि आपण बागेला घालतो त्या चार बादल्या, त्यांच्यासारखे पाईप सोडत नाही. नळाचं पाणी वाचतं म्हणून पैसे द्या म्हणलं तर उद्या साहेबच विचारतील किती वाचलं. महापालिकेचा फायदा वेगळीकडं आहे. अंगणात मुरलेलं पाणी पहिल्याच पावसात गल्लीत तुंबत नाही, बोअरच्या कामी येतं, आणि पालापाचोळा, भाज्यांची देठं, नारळाची शेंडी हे सगळं घंटागाडीत जायच्या ऐवजी घरीच जिरतं. म्हणून अर्जात लिहिलं की सूट मालमत्ता करात द्या, पुण्यासारखी. तपासणीला इंजिनिअर नको, एक फुटाचा खड्डा आणि एक बादली पाणी पुरे, तासाभरात जिरलं की सही करा. आणि बिल्डरला पूर्णत्वाचा दाखला देताना विचारा की वरची फूटभर काळी कुठं नेली. ती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवून बांधकाम झाल्यावर परत अंगणात पसरायला खर्च किती येतो, जेसीबीचे दोन तास. मला विचाराल तर सुटीपेक्षा ही अट जास्त कामाची, पण अट म्हणलं की मोर्चा निघतो आणि सूट म्हणलं की रांग लागते, म्हणून सूट आधी लिहिली.

अण्णांना अर्ज वाचून दाखवला. म्हणले, "कडुलिंबाचा पाला जाळणाऱ्याला दंड लिही." ते पण लिहिलं. पानगळीत आमच्या कॉलनीत रोज सकाळी प्रत्येक दारापुढं एक धुराची शेगडी असते. मी आता काडी ओढायच्या आधी पोतं घेऊन पोचतो, शेजारचे गुरुजी मला "पालेवाले" म्हणायलेत. अकरा पोती जमली ह्या वर्षी.

अर्जाला आवक नंबर पडलाय. पुढं काही नाही.

एक राहिलंच. हे सगळं सुरू करायच्या आधीच्या मे महिन्यात मागच्या काळीत अशा भेगा होत्या की लेकीनं भेग किती खोल आहे बघायला शाळेची पंधरा सेंटीमीटरची पट्टी उभी घातली आणि ती हातातून सुटून आत गेली, रडून गोंधळ. ती पट्टी मला खत मिसळताना सापडली, दीड फुटावर, वरचं नाव अजून वाचता येत होतं. ह्या मेमध्ये गुळी बाजूला सारून तीच पट्टी तिनं परत एका भेगेत घातली. चार सेंटीमीटरवर टेकली.